आधी कोण उठणार?

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, त्याबद्दल दोन फोन आणि एक लांबलचक ईमेल आली. ईमेल मावशीची. तिचा प्रश्न नेहमीचाच: "तू नक्की काय करतेस ते एकदा मला समजेल असं लिही. सॉफ्टवेअर म्हणू नकोस, ते हल्ली सगळेच करतात." तर मावशी, आजची पोस्ट तुझ्यासाठी. ज्यांचं पोट कोडवरच चालतं त्या ब्लॉगमित्रांनी मधले सोपे परिच्छेद गाळले तरी चालेल. शेवटपर्यंत या मात्र, कारण शेवटी थोडं भांडण आहे.

मी अ‍ॅप बनवत नाही, वेबसाइट बनवत नाही. तळहाताएवढे छोटे बोर्ड असतात, त्यांवर लिनक्स चालतं. बोर्डला वीज मिळाल्यापासून ते "हं, आता काम सांगा" म्हणेपर्यंत जे दोन-चार सेकंद जातात, तेवढंच माझं क्षेत्र. वीस वर्षं त्या दोन-चार सेकंदांत काढली आहेत. ऐकायला विचित्र वाटतं, पण पहाट हीच ज्याची नोकरी आहे असा माणूस समजा.

त्या पहाटे काहीच नसतं. मेमरी किती आहे ते माहीत नसतं, पडदा नसतो, डिस्क नसते. आणि सांगायला सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे वेळ नसते. लिनक्स सुरू होताना जे काही घडतं त्याची एकेक ओळ छापत जातं, आणि प्रत्येक ओळीच्या आधी चौकटी कंसात किती सेकंद झाले तो आकडा असतो. सुरुवातीच्या बऱ्याच ओळींवर तो आकडा असतो ०.००००००. प्रोसेसर ओळखला, शून्य. मेमरीचे भाग पाडले, शून्य. इंटरप्टची सोय लावली, तरी शून्यच. हे सगळं झटक्यात झालं असा त्याचा अर्थ नाही. मोजायला कोणी जागं नव्हतं, एवढाच अर्थ. मग कुठेतरी टायमर सुरू होतो आणि पुढच्या ओळीवर पहिल्यांदा शून्याहून वेगळा आकडा दिसतो. इतक्या वर्षांनीही ती ओळ दिसली की मला बरं वाटतं.

टायमर म्हणजे काय हे सांगायला घटिकापात्र बरं पडतं. पूर्वी लग्नात मुहूर्त साधायला ठेवत ते. घंगाळात पाणी, त्यावर तळाला बारीक भोक असलेली वाटी. वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं झाली. यात दोन वेगळी कामं एकाच भांड्याकडून होतात. आतापर्यंत किती वेळा बुडाली ते मोजलं की किती वेळ गेला हे कळतं. आणि बुडताना जो आवाज होतो, त्यावरून "उठा, वेळ झाली" हे कळतं. पहिलं काम घड्याळाचं, दुसरं गजराचं.

लिनक्समध्ये ही दोन कामं बराच काळ अशीच एकमेकांत मिसळलेली होती. दर सेकंदाला ठरावीक वेळा ठोका पडायचा, पूर्वी १०० वेळा, २.६ मालिकेत पीसीवर १००० वेळा आणि २००५ पासून मुळात २५० वेळा. प्रत्येक ठोक्याला एक आकडा एकाने वाढवायचा, तीच वेळ आणि तोच गजर. २००६ आणि २००७ मध्ये ही दोन कामं नीट वेगळी झाली. वेळ सांगणारा तो क्लॉकसोर्स, ठरल्या वेळी उठवणारा तो क्लॉकइव्हेंट. टायमरचा ड्रायव्हर लिहायचा म्हणजे आपल्या चिपमध्ये या दोन कामांसाठी काय आहे ते कर्नेलला सांगायचं.

वेगळी केली तरी दोघांची एकमेकांपासून सुटका नाही. ३२ बिटांचा मोजणीदार सेकंदाला २ कोटी ४० लाख वेळा पुढे सरकत असेल, तर तो सुमारे १७९ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. तीन मिनिटांच्या आत कोणीतरी येऊन "इथपर्यंत झालं" अशी नोंद करायला हवी, नाहीतर वेळ हरवते. ती नोंद वेळेवर व्हायची तर गजर हवा. म्हणजे घड्याळ बरोबर चालायला गजर हवा, आणि गजर बरोबर वाजायला घड्याळ. घरोघरी नवराबायकोचं असतं तसंच. :-)

आता क्रमाविषयी. घटिकापात्रात आधी घंगाळ, मग पाणी, मग वाटी. वाटी आधी ठेवून वर पाणी ओतलं तर लग्न राहिलं बाजूला. कर्नेलमध्ये हा क्रम एका फंक्शनमध्ये ओळीने लिहिलेला आहे. त्याचं नावच स्टार्ट कर्नेल. आधी चिपची ओळख, मग कामांची पाळी लावणारा शेड्यूलर, मग इंटरप्ट, मग टायमरच्या याद्या, मग खरा टायमर, आणि त्यानंतरच इंटरप्टना दार उघडायचं. टायमरच्या ड्रायव्हरलाही स्वतःचा क्रम पाळावा लागतो. आपल्या आधी चालणारा बूटलोडर टायमर चालू ठेवून गेलेला असू शकतो. तेव्हा आधी तो थांबवायचा, जुना राहिलेला गजर पुसायचा, "ठोका पडला की मला हाक मार" हे नोंदवायचं, आणि मग सुरू करायचा. यात दोन ओळी मागेपुढे झाल्या की पाहुणा येतो तेव्हा दार उघडायला घरात कोणी नसतं.

बाकीची शेकडो उपकरणं नंतर येतात. त्यांना पायऱ्या आहेत, शून्यापासून सातपर्यंत: आधी गाभ्याची, मग बसची, मग फाइलसिस्टिमची, मग साधी उपकरणं, मग उशिरा येणारी. एकाच पायरीवरच्या दोघांत आधी कोण, हे बांधणीत कोणाची फाइल आधी जोडली गेली त्यावर ठरतं. पंगतीत कोण कुठे बसला त्यावर भात आधी कोणाला मिळेल हे ठरतं, तसं. यावरून इतके तंटे होत की २०१२ मध्ये एक पळवाट निघाली. एखाद्या ड्रायव्हरला जे हवं ते अजून आलं नसेल तर त्याने सरळ सांगायचं, "मी नंतर येतो." कर्नेल त्याला बाजूच्या यादीत ठेवतं आणि कोणी नवीन आलं की पुन्हा विचारतं. फार शहाणी सोय आहे ही.

पण टायमरला ही सवलत नाही. "मी नंतर येतो" म्हणायला नंतर नावाची गोष्ट असावी लागते, आणि ती आणायचं काम त्याचंच.

इथपर्यंत आलात तर आता मुळशीत या.

आम्ही २०२० पासून पौडच्या पुढे सासरच्या घरी राहतो हे बहुतेकांना माहीत आहे. मी वरच्या खोलीतून काम करते. खाली गोठा आहे, तो आमच्या मोठ्या जाऊबाईंचा. मी त्यांना ताई म्हणते. ताई साडेचारला उठतात, धारा काढतात आणि सहाच्या आत किटल्या संकलन केंद्रावर पोचवतात. केंद्रावर दूध थंड करायचा कूलर आहे. धार काढल्यावर दूध लवकरात लवकर चार अंशांपर्यंत आणावं लागतं, नाहीतर ते टिकत नाही आणि टँकरवाला तपासून परत करतो. परत गेलेलं दूध दहा दिवसांच्या बिलातून वजा होतं. कूलरच्या कॉम्प्रेसरला चालू-बंद करायला आणि तापमान लिहून ठेवायला एक डबा आहे. योगायोग म्हणा, पण त्या डब्यातल्या बोर्डचं लिनक्स आमच्या टीमकडे होतं.

मुळशीत पावसाळ्यात वीज जाते. दिवसातून चारदा जाते, कधी रात्रभर येत नाही. म्हणून शहरातल्या ऑफिसात "बूट" ही वर्षातून दोनदा होणारी गोष्ट असली, तरी इथे ती रोजची आहे. आणि डबा कधी कधी उठायचा नाही. चाळीस-पन्नास वेळांतून एकदा, आणि बहुतेक पहाटे. वीज आलेली, दिवा लागलेला, कॉम्प्रेसर मात्र गप्प. कोणाच्या लक्षात येईपर्यंत दूध कोमट.

वीज इथे जावी यातली गंमत इथल्या माणसांना सांगावी लागत नाही. मुळशीचं धरण विजेसाठीच बांधलं. १९२१ ते १९२४ या काळात त्याविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, आणि त्यातूनच पांडुरंग महादेव बापट सेनापती बापट झाले. धरण तरीही झालं. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांचं गाव त्या पाण्याखाली आहे. १९२७ पासून ते पाणी सह्याद्रीतून पश्चिमेला खाली रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला पडतं, तिथे वीज होते आणि ती मुंबईला जाते.

हे मी इथे उगाच आणलेलं नाही. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई आणि आसपासची वीज गेली. लोकल थांबल्या, परीक्षा थांबल्या, तुमच्यापैकी कित्येकांनी तेव्हा त्यावर लिहिलंही होतं. कळवा आणि खारघरच्या उपकेंद्रांत बिघाड झाला आणि फ्रिक्वेन्सी फार मोठ्या प्रमाणात घसरली, असं टाटा पॉवरने त्या दिवशी सांगितलं होतं. फ्रिक्वेन्सी म्हणजे आपल्या विजेचे सेकंदाला ५० ठोके. जाळ्यावरचं प्रत्येक जनित्र त्याच ठोक्यावर फिरतं. तो त्या सगळ्याचा टायमरच. आणि तो कोलमडला होता.

मग सुरुवात कुठून झाली? टाटांचे जलविद्युत संच आणि ट्रॉम्बेचं केंद्र यांच्यापासून. सगळं अंधारात गेल्यावर शून्यातून उभं करायचं असलं की पाण्यावरची वीज कामाला येते. याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात. कोळशाचं केंद्र कितीही मोठं असलं तरी ते सुरू करायलाच भरपूर वीज लागते. कोळसा दळायच्या गिरण्या, हवा फुंकणारे पंखे, पाण्याचे पंप, हे सगळं आधी फिरायला हवं. पाण्याचं तसं नाही. पाणी डोंगरावर आहेच. झडप उघडण्यापुरती शक्ती बॅटरीतून किंवा छोट्या डिझेल जनित्रातून मिळाली की टर्बाइन फिरतं. त्याची वीज दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला.

म्हणजे पहिला मान सगळ्यात मोठ्याचा नसतो. ज्याला सुरू व्हायला कमीत कमी लागतं, तो पहिला. मावशी, वीस वर्षांत मी जे शिकले ते एवढ्या एका वाक्यात येतं. आता ते भांडण.

अडकलेला डबा आम्ही ऑफिसात आणला. सुरुवातीला काहीच कळेना, कारण अक्षरं छापणारा कन्सोलही टायमरनंतरच जागा होतो. मुकं बाळ रडतंय पण कुठे दुखतंय ते सांगत नाही, तशी अवस्था. मग लवकर छापायची एक आडवाट असते ती उघडली, तेव्हा शेवटची ओळ दिसली. कर्नेल त्या ओळीत सांगत होतं, मी डिले लूप मोजतोय. आणि तिथेच बसलं होतं.

हे मोजणं काय ते सांगते. कर्नेलला कधी कधी अगदी थोडं, काही मायक्रोसेकंद थांबायचं असतं. एवढ्यासाठी गजर लावणं परवडत नाही. मग तो नुसता एक ते अमुक असे आकडे म्हणत बसतो, लपाछपीत आपण म्हणायचो तसे. पण प्रोसेसर किती भरभर म्हणतो हे आधी माहीत हवं. म्हणून सुरुवातीला एकदा टायमरच्या दोन ठोक्यांमध्ये किती आकडे म्हणून होतात ते मोजून ठेवतात. त्यावरून निघणाऱ्या संख्येचं नाव बोगोमिप्स, त्यातला बोगो म्हणजे बोगस. नाव ठेवणाऱ्यालाही त्याची किंमत ठाऊक होती. आमचा डबा त्या पहिल्या ठोक्याची वाट बघत बसला होता, आणि ठोका येतच नव्हता.

का येत नव्हता? टायमरला ठोके देणारं घड्याळ एका पीएलएलमधून येत होतं. पीएलएल म्हणजे मूळ स्फटिकाचा मंद ठोका घेऊन त्यापासून वेगवान ठोका तयार करणारं सर्किट. ते सुरू केल्यावर स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो. चिपसोबत आलेल्या कोडमध्ये पीएलएल सुरू करून "२०० मायक्रोसेकंद थांब" असं लिहिलं होतं, आणि मग टायमर त्याला जोडला होता. वाचताना अगदी समंजस वाटतं.

पण थांबायचं कसं? आकडे म्हणून. किती भरभर म्हणतो ते मोजलंय? अजून नाही, ते टायमर आल्यावर मोजायचंय. मोजेपर्यंत कर्नेल एक ठोकताळा वापरतं, एका ठोक्यात ४०९६ आकडे. आमच्या बोर्डवर सेकंदाला १०० ठोके, म्हणजे २०० मायक्रोसेकंदांसाठी जेमतेम ८२ आकडे. तो प्रोसेसर सेकंदाला चाळीस कोटी आकडे म्हणतो. ८२ आकडे म्हणायला त्याला पाव मायक्रोसेकंदसुद्धा लागत नाही. थांबायला सांगितलं त्याच्या जेमतेम हजाराव्या भागाएवढंच तो थांबत होता.

वर्तुळ बघा कसं पूर्ण झालं. टायमर पीएलएलवर अवलंबून, पीएलएल थांबण्यावर, थांबणं मोजणीवर, आणि मोजणी टायमरवर. तरीही डबा बहुतेक वेळा उठायचा, कारण मधे इतर किरकोळ कामं होती आणि त्यांत जाणारा वेळ पीएलएलला पुरायचा. गारठलेल्या पहाटे तो कधी कधी पुरायचा नाही. अर्ध्या कच्च्या घड्याळाला टायमर जोडला जायचा आणि त्याचा ठोका अडकायचा.

आमच्या टीममधल्या एका हुशार मुलाने दुसऱ्याच दिवशी उपाय आणला. २०० च्या जागी दोन लाख.

"मॅडम, तीनशे वेळा बूट केला. एकदाही अडकला नाही."

"दोन लाख म्हणजे किती वेळ?"

"इथे साधारण दोनशे मायक्रोसेकंदच पडतात."

"आणि प्रोसेसर बदलला तर?"

"तेव्हा बघू. पाऊस तोंडावर आलाय."

त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं. मे संपत आला होता, डबे शेतात होते, साहेबांना जूनच्या आत नवीन आवृत्ती द्यायची होती. तीनशे वेळांत शून्य चुका हा आकडा मीटिंगमध्ये फार देखणा दिसतो. माझ्याकडे फक्त एक तक्रार होती. त्या ओळीत लिहिलेल्या संख्येचा आता कशाशीच संबंध नव्हता. कोणी ही ओळ पुढे मोजणीनंतर हलवली तर तीच ओळ खरोखर पाव सेकंदाच्या आसपास थांबवेल. जलद चिप आली तर पुन्हा अडकेल. दोन लाख ही वाट बघणं नाही, तो अंदाज आहे. फक्त जरा मोठा.

ज्याच्याकडे घड्याळ नाही त्याला "थोडा वेळ थांब" सांगून उपयोग नसतो. त्याला "अमुक झालं की ये" असं सांगावं लागतं. पीएलएल स्थिर झालं की चिप एका ठिकाणी खूण वर करते. ती खूण बघत राहायची, आणि ठरावीक वेळा बघूनही दिसली नाही तर सोडून द्यायचं, वेळ न मोजता. कर्नेलच्या मुख्य प्रवाहातही २०२३ मध्ये अशाच एका वाट बघणाऱ्या फंक्शनमधून घड्याळाचा आधार काढून टाकला गेला, कारण घड्याळ झोपलेलं असतानाही ते फंक्शन बोलावलं जात होतं.

पण खूण बघणं हीसुद्धा मलमपट्टीच. मी साहेबांना विचारलं, टायमरला पीएलएल हवंच कशाला? वेगवान ठोका प्रोसेसरला हवा. टायमरला नको. चिपवर २४ मेगाहर्ट्झचा स्फटिक आहे, वीज आली की तो आपोआप चालतो, त्याला कोणी उठवावं लागत नाही. टायमर सरळ त्याला जोडा. सूक्ष्मता थोडी कमी होईल, पण दूध थंड करायला नॅनोसेकंद लागत नाहीत. आजच्या ६४ बिट एआरएम चिपांमध्ये टायमर प्रोसेसरच्या गाभ्यातच असतो, तो याच शहाणपणातून. सगळे ज्याच्यावर अवलंबून, तो कमीत कमी लोकांवर अवलंबून हवा.

यासाठी टायमरचा ड्रायव्हर जवळजवळ नव्याने लिहायचा होता. दोन आठवडे. मीटिंग लांबली. "तीनशेपैकी शून्य" विरुद्ध "तत्त्व" अशी ती झाली की तत्त्व हरतं हे मला माहीत आहे, म्हणून मीही आकडाच आणला. बोर्ड घरी नेला, प्लास्टिकच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला, कोथिंबिरीच्या शेजारी. बाहेर एक रिले लावला, दर दोन मिनिटांनी वीज तोडणारा आणि जोडणारा. रात्रभर. दोन लाखवाली आवृत्ती सकाळपर्यंत दोनदा अडकली. खोलीतल्या उबेत तीनशेपैकी शून्य, फ्रिजमध्ये दोन. पीएलएल गारठ्यात आणखी उशीर लावत होतं.

कर्नेल लिहिणाऱ्यांची एक युक्ती मला इथे आठवते. ठोके मोजणारा ३२ बिटांचा आकडा सेकंदाला १००० ठोक्यांनी साधारण ४९.७ दिवसांनी भरून शून्यावर येतो, आणि तेव्हा निष्काळजी कोड कोसळतो. पन्नासाव्या दिवशी कोण बघत असतं? म्हणून त्यांनी तो आकडा शून्यापासून सुरूच केला नाही. तो मुद्दाम अशा जागेवर ठेवला की सुरू झाल्यावर पाच मिनिटांतच भरतो. जे कोसळायचंय ते तुम्ही टेबलापाशी बसलेले असतानाच कोसळू दे. मला हा फार मोठ्या मनाचा निर्णय वाटतो. पुढच्याच्या पन्नासाव्या दिवसाचं संकट त्यांनी आपल्या पाचव्या मिनिटावर ओढून घेतलं.

फ्रिजनंतर साहेब मानले. नवीन ड्रायव्हर झाला, फ्रिजमध्ये चार रात्री राहिला, एकदाही अडकला नाही. (वॉचडॉग का नव्हता, असं विचारणाऱ्यांसाठी: होता, पण त्याचा ड्रायव्हर साध्या उपकरणांच्या पायरीवर येतो, तोवर आपण अडकून बसलेलो. आता तो बूटलोडरमध्येच सुरू होतो.) तो हुशार मुलगाही आता प्रत्येक डिलेकडे संशयाने बघतो, हा माझा खरा फायदा.

पण गोड शेवट झाला असं समजू नका. ते दोन आठवडे फुकट नव्हते. जूनचा पहिला पाऊस जुन्याच आवृत्तीवर गेला. दोन लाखवाली आवृत्ती तेव्हा दिली असती तर बहुतेक केंद्रं त्या पंधरा दिवसांत वाचली असती, हे त्या मुलाचं म्हणणं आजही मला खोडता येत नाही. त्या पंधरा दिवसांत ताईंचं दूध एकदा परत आलं. त्या मला काही बोलल्या नाहीत. डब्याशी माझा संबंध आहे हे त्यांना ठाऊक आहे. तरीही मी पुन्हा तेच ठरवेन असं मला वाटतं. पण हे म्हणणं मला सोपं आहे, कारण दहा दिवसांचं बिल माझं नसतं. कोणी थांबायचं हे ठरवणारा आणि थांबणारा बहुधा वेगवेगळे असतात. मुळशीला हे शंभर वर्षांपासून ठाऊक आहे.

शिवाय जुने डबे जागेवर जाऊनच बदलावे लागतात. तंत्रज्ञ एकच आहे, यादी लांब आहे, आणि आमचं केंद्र यादीच्या शेवटाकडे. मधे घुसवा असं मी सांगितलं नाही. तोवर ताईंनी स्वतःची रीत शोधली आहे. वीज आली आणि कॉम्प्रेसर बोलला नाही की त्या मेन स्विच बंद करतात, दहापर्यंत मोजतात आणि पुन्हा चालू करतात. "दुसऱ्या हाकेला उठतंय ते," असं त्या म्हणतात. आणि उठतं खरंच. एकदा वीज खाऊन चिप कोमट झालेली असते.

मी त्यांना पीएलएलचं सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे सकाळी सगळ्यात आधी जो उठतो त्याला चहासाठी कोणावर अडून राहायला लावू नये, एवढंच ना?"

एवढंच.

असो. मावशी, समजलं की नाही ते कळव. फोन केलास तरी चालेल, पण सकाळी सहानंतर कर. त्याआधी आमच्याकडे ताईंशिवाय कोणी उठलेलं नसतं.